साडेसात फुटांची भिंत

कोल्हारच्या रशीदमिस्त्रींनी चाळीस वर्षांच्या कामात घर असं एकच बांधलं, ते स्वतःचं. बाकी सगळं आयुष्य त्यांनी कंपाउंडच्या भिंती बांधण्यात घालवलं. घराच्या कामात कटकटी फार, असं ते म्हणत. मालकीण रोज येऊन खिडकीची जागा बदलते, भाऊ-भाऊ जिन्यावरून भांडतात, आणि शेवटी वाईट ठरतो तो गवंडी. भिंतीचं तसं नसतं. ती ओळंब्यात हवी आणि वाऱ्यापावसात उभी राहायला हवी, एवढंच तिच्याकडून मागणं. लोणीपासून राहुरीपर्यंत शाळांना, पेट्रोल पंपांना, डाळिंबाच्या बागांना, एका कब्रस्तानाला आणि त्याच गावच्या स्मशानभूमीला त्यांच्या हातच्या भिंती होत्या.

या कामातून त्यांचं असं एक शास्त्र तयार झालं होतं. भिंतीची उंची आतून मोजायची नसते, बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापासून मोजायची असते. बाहेरची जमीन उंच असेल तर सहा फुटांची भिंत चार फुटांचंच काम करते. मनमाड रोडच्या कडेला तरुणपणी बांधलेल्या त्यांच्या भिंती पुढे अशाच बुटक्या झाल्या. दर डांबरीकरणाला रस्ता वीतभर वर आला आणि भिंत होती तिथेच राहिली. अंगणातल्या दोरीवर काय वाळतंय ते आता एसटीत बसलेल्या माणसालाही दिसे. म्हणून जागा पाहिल्याशिवाय ते कोणाला शब्द देत नसत. मोबाईल आल्यावर लोक फोटो पाठवून अंदाज मागू लागले, तेव्हा ते म्हणत, मग भिंतपण फोटोतच बांधून देतो.

त्यामुळे पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, फरदीनने, समुद्रकाठच्या तीन रिसॉर्टचे फोटो पाठवून त्यातलं एक निवडा म्हणून सांगितलं, तेव्हा मिस्त्रींनी त्यालाही फोटोवरून शब्द दिला नाही. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. दोघांनी कधी समुद्र पाहिला नव्हता. फरदीनच्या मनात होतं की त्यांनी तीन दिवस एखाद्या चांगल्या, शांत, महागड्या जागी राहावं, स्वतंत्र व्हिला असावा, कोणाची वर्दळ नसावी. तिन्ही जागा कोकणातल्या, दापोलीच्या खालच्या पट्ट्यातल्या होत्या, आणि फोटोत तिन्ही सारख्याच निळ्या दिसत होत्या. मिस्त्री म्हणाले, जाऊन बघतो, मग सांगतो. फरदीनने समजावलं की अशा जागा कोणी आधी जाऊन बघत नसतं, लोक फोनवर बोट दाबतात आणि थेट बॅगा घेऊन जातात. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले.

खरं कारण त्यांनी मुलाला सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं, निदान मुलाला तरी.

त्यांच्या बायकोला, सबिहाला, पोहता येत असे. तिचं माहेर राहुरी तालुक्यातलं. बापाच्या मळ्यात विहीर होती, चाळीस हात खोल. सातव्या वर्षी भावांनी तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून तिला ढकललं होतं, आणि पंधरा दिवसांत तिने डबा सोडला होता. पुढे ती विहिरीच्या काठावरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारी, तेव्हा मळ्यातले गडी काम थांबवून बघत. तेच कारण झालं. तेराव्या वर्षी आजीने विहिरीवर जाणं बंद केलं, आणि सबिहा त्यानंतर पाण्यात उतरली नाही. कोल्हारला आली तेव्हा दारापासून दोन फर्लांगावर प्रवरा वाहत होती. नदीवर पुरुष पोहत आणि बायका धुणी धूत, तशी तीही धुणं धूत राहिली.

हे तिने मिस्त्रींना लग्नानंतर विसाव्या की एकविसाव्या वर्षी सांगितलं. पावसाळ्यात दोघं टेम्पोतून पुलावरून चालले होते, नदी दोन्ही काठ भरून होती, आणि ती पाण्याकडे बघत सहज म्हणाली, "इथून मला पल्याड जाता आलं असतं." मिस्त्रींना आधी वाटलं ती पुलाबद्दल बोलते आहे. मग तिने विहिरीचं सगळं सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आता फरदीनचे फोटो आले तेव्हा तिने तिन्हींतल्या हौदांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे आपलं एकट्याचं असतं का? दुसरं कोण येत न्हाई?" मिस्त्री म्हणाले बघावं लागेल. ती एवढंच म्हणाली की कोणी बघणार नसेल तर एकदा उतरून बघितलं असतं. जमतंय का अजून, ते.

म्हणून बघायला जायचं होतं.

तिन्ही जागांची माहिती इंग्रजीत होती. ती घेऊन मिस्त्री मार्तंडरावांकडे गेले. मार्तंडराव राहात्याच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. दोघांची पन्नास वर्षांची दोस्ती होती आणि त्यातली निम्मी एकमेकांची टिंगल करण्यात गेली होती. मार्तंडरावांनी चष्मा लावून तिन्ही कागद सातबारा वाचावा तसे वाचले. तिन्हीकडे शांतता आहे, एकांत आहे, लाटांचा आवाज आहे आणि कोणाचा त्रास नाही, असं लिहिलंय, असं त्यांनी सांगितलं.

"भिंत किती फुटांची लिवलीय?" मिस्त्रींनी विचारलं.

"भिंतीचं कशाला लिहितील? समुद्र बघायला जायचंय की भिंत?"

मिस्त्रींनी कागद उचलून पिशवीत टाकले. ते एकटे जागा बघायला निघालेत हे कळल्यावर मार्तंडरावांनी गावभर केलं की रशीद या वयात स्थळं बघत हिंडणार आहे. चहापोहे झाले की पसंती कळव, असं त्यांनी एसटी सुटताना खिडकीतून सांगितलं. मिस्त्रींच्या पिशवीत एक पायजमा-सदरा, भाकरी-चटणी, फूट टेप आणि ओळंबा होता. ओळंब्याचं काही काम नव्हतं, पण टेप घेतला की हात आपोआप ओळंब्याकडे जात असे.

पहिल्या ठिकाणी फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांच्या हातातला टेप पाहिला आणि विचारलं, कामाला आलात का? मिस्त्रींनी क्षणभर विचार केला आणि हो म्हणाले. गिऱ्हाईक म्हणून आत सोडलं असतं की नाही कोणास ठाऊक. गवंड्याला कोणी अडवलं नाही. ते सगळीकडे हिंडले. व्हिला सुरेख होता, पण त्याच्या समुद्राकडच्या बाजूला भिंतच नव्हती, नुसती काच होती. हौदाचं पाणी काठावरून सांडून थेट समुद्राला मिळतं असं वाटावं, म्हणून तशी रचना केलेली होती. समोर मासेमारीच्या तीन होड्या उभ्या होत्या. होडीतल्या माणसाचा डोळा कुठे येतो हे मिस्त्रींनी पाहिलं आणि ते निघाले.

दुसरीकडची भिंत त्यांना आवडली. सात फूट, ओळंब्यात, सांधे भरलेले. पण शेजारच्या व्हिलाला वरचा मजला होता आणि त्याला गॅलरी होती. गॅलरीत एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून दात घासत उभे होते. त्यांनी मिस्त्रींना हात केला.

तिसरी जागा गावापासून लांब, सुरूच्या झाडांमागे होती. सहाच व्हिला, सगळे एकमजली, एकमेकांपासून चांगले दूर. व्हिलाच्या मागे चिऱ्याच्या भिंतीने घेरलेलं अंगण आणि अंगणात हौद. मिस्त्रींनी भिंत आतून मोजली, साडेसात फूट भरली. मग बाहेर जाऊन मोजली. बाहेरची जमीन दोन फूट खाली होती. उंटावर बसलेल्या माणसालासुद्धा आतलं दिसलं नसतं. त्यांनी चारही बाजूंनी चक्कर मारली, एकदा वाकून दाराच्या फटीला डोळा लावला, एकदा बाहेरच्या दगडावर उभं राहून पाहिलं. हौदाला निळी फरशी होती आणि पाणी स्वच्छ होतं.

तिथली व्यवस्था देवश्री नावाची एक तिशीतली मुलगी बघत होती. तिला वाटलं हे भिंतीचा गिलावा बघायला आलेले मिस्त्री आहेत, कारण ती आठवडाभर कोणाची तरी वाट बघतच होती. आतल्या बाजूने खाऱ्या हवेचा लोणा लागून गिलाव्याचे पापुद्रे सुटत होते. मिस्त्रींनी नखाने एक पापुद्रा काढून पाहिला आणि सांगितलं की चिऱ्यावर सिमेंट थापलंय, ते मीठ धरून ठेवतंय. खालचे दोन-तीन फूट काढून चुन्याचं काम करा. तिने ते मोबाईलवर टिपून घेतलं आणि विचारलं, कधीपासून सुरू करणार? तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं की ते कामाला नाही, राहायची जागा बघायला आले आहेत. ती ओशाळली आणि तिने चहा मागवला.

चहा पिताना मिस्त्रींची नजर वर गेली. भिंतीबाहेर दहा-बारा फुटांवर नारळाची पाच झाडं होती. त्यांच्या बुंध्यावर हात-दीड हाताच्या अंतराने खाचा कोरलेल्या होत्या, अगदी शेंड्यापर्यंत, आणि खाचांच्या कडा पायाने घासून गुळगुळीत झालेल्या होत्या. त्यांनी सगळीकडे पाहिलं होतं, पण वर पाहिलं नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला.

नारळ कधी पाडतात, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. देवश्री म्हणाली दीड-दोन महिन्यांनी, माणूस गावातून येतो. ठरलेला दिवस असतो का? नाही, त्याला सवड होईल तेव्हा. झावळ्या काढायला चढतो का? कधीकधी. पहाटे की दुपारी? ती हसू दाबत होती. म्हणाली, "काका, इथं मोठेमोठे लोक राहून जातात. जेवणाचं विचारतात, वायफायचं विचारतात. नारळाचं कोणीच नाही विचारलं."

"आमी तीन दिवस राहणार. त्या तीन दिवसांत झाडावर कोणी चढायचं न्हाई. तुमी लिहून द्या."

"पण का?"

मिस्त्रींनी थोडा वेळ पिशवीचा बंद आवळला, सोडला. मग म्हणाले, "माझी बायको पोहणार हाय इथं. अठ्ठेचाळीस वर्षांनी."

देवश्रीने हसणं सोडलं. तिने रिसॉर्टच्या कागदावर तारखा टाकून लिहून दिलं की या काळात पाच नंबरच्या व्हिलाजवळच्या झाडांवर कोणालाही चढू दिलं जाणार नाही, आणि खाली सही केली. मिस्त्रींनी कागदाची घडी घालून ती टेपच्या डबीखाली ठेवली.

कोल्हारला परत आल्यावर मार्तंडरावांनी विचारलं, मुलगी दिसायला कशी? मिस्त्री म्हणाले, उंच आहे. घरी त्यांनी सबिहाला भिंत, जमिनीचा उतार, होड्या, गॅलरी आणि झाडं, सगळं क्रमाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने शिवणयंत्र पुसून घेतलं, जुन्या कापडांचे सारख्या मापाचे तुकडे कापले आणि बादलीत बुडवून एकेक हातात तोलून पाहिले. सुती तुकडा पाणी पिऊन जड होत होता. शेवटी फरदीनच्या जुन्या रेनकोटच्या अस्तरासारखं एक निळं कापड तिला पसंत पडलं, आणि त्याचा तिने मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता आणि तंग सलवार शिवली. शेजारणींना सांगितलं, हवापालट.

ठरल्या दिवशी फरदीनने पाठवलेल्या गाडीने रात्रीच निघून दोघं दुपारच्या आत पोचली. देवश्रीने शहाळी दिली. खोली दाखवली, पलंग दाखवला, समुद्राकडचं दार उघडून दिलं. सबिहाने समुद्राकडे पाहून मान हलवली, चांगला आहे अशा अर्थाने, आणि मागच्या अंगणात गेली. मिस्त्री तिच्यामागून गेले. भिंतीवरून तिने हात फिरवला. वर नारळांकडे पाहिलं. मग हौदाच्या काठाशी उभी राहून बराच वेळ खाली पाहत राहिली.

"खोली किती?" तिने विचारलं.

मिस्त्रींचा हात टेपकडे गेला. त्यांनी भिंत आतून मोजली होती, बाहेरून मोजली होती, दाराची फट मोजली होती, झाडाचं अंतर पावलांनी मोजलं होतं. हौदात टेप सोडला नव्हता. निळ्या फरशीमुळे पाणी खोल वाटलं होतं, आणि ते स्वतः कधी कमरेच्या वर पाण्यात गेलेले नव्हते, त्यामुळे सगळंच पाणी त्यांना खोल वाटत असे. आता त्यांनी टेप काढून काठावरून सोडला. इकडे चार फूट. दुसऱ्या टोकाला जाऊन सोडला. तिकडेही चार फूट.

"विहिरीत मी तळ कधी बघितलेला न्हाई," सबिहा म्हणाली. तक्रार नव्हती, माहिती होती.

मिस्त्री उठून देवश्रीकडे गेले. खोल हौद आहे का? होता. जेवणघरासमोरचा, सात फुटांचा, पण तो सगळ्यांसाठी, आणि चारी बाजूंनी मोकळा. मिस्त्रींनी तो पाहून घेतला. चार बांबू आणि मांडववाल्याकडचं कापड मिळालं तर तासाभरात कनात उभी करता येईल, असा हिशोब त्यांच्या डोक्यात सुरू झाला. देवश्री म्हणाली पहाटे सहाला तिथं कोणी नसतं, मी स्वतः उभी राहीन. दोन्ही गोष्टी त्यांनी परत येऊन सबिहाला सांगितल्या.

"कनात लावली की आत काय हाय ते बघायला चार माणसं जास्त येतील," ती म्हणाली. "आन् त्या पोरीनं पहाटं उठायचं, का? तर ही म्हातारी बुडती का तरती ते बघायला. ऱ्हाऊ द्या."

"मग कसं?"

"तुमी बाहेर बसा."

मिस्त्री अंगणाच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, दाराला पाठ करून. व्हिलाच्या कडेने वाळू, सुरूची झाडं आणि त्यापुढे समुद्र दिसत होता. त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. आत बराच वेळ काही ऐकू येईना. मग पायऱ्यांवर पाण्याचा थोडासा आवाज झाला आणि थांबला. चार फुटांत माणूस उभा राहतो, बुडत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी दोनदा खुर्चीतून उठून परत बसकण मारली. तिसऱ्यांदा उठणार तेवढ्यात आवाज सुरू झाला. हाताचा, मग श्वासाचा, मग पुन्हा हाताचा. आठ हात झाले की हौदाच्या काठाला थाप बसे, आणि पुन्हा आठ. मध्येच एकदा जोराचा खोकला आला. पाणी नाकात गेलं असावं. मग परत आठ.

असं किती वेळ चाललं ते त्यांनी पाहिलं नाही. सुरूच्या सावल्या खुर्चीपर्यंत आल्या होत्या, तेव्हा आतून तिने विचारलं, कोणी आलं होतं का? नाही, मिस्त्री म्हणाले.

"मग कुनाकडं पाठ करून बसलाय?"

त्यांना हे सुचलंच नव्हतं. कोणी बघायचं नाही असं ठरलं होतं, आणि त्यात त्यांनी स्वतःला धरलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी तिला भाकरी थापताना, मशीन चालवताना, बाळंतपणात, आजारपणात पाहिलं होतं. पाण्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, खुर्ची घेऊन आत जाऊन ते लावून घेतलं, आणि खुर्ची भिंतीला टेकवून बसले.

सबिहा डोकं पाण्याच्या वर ठेवून पोहत होती, विहिरीत पोहणारे पोहतात तशी. निळा कुर्ता अंगाला चिकटला होता आणि ओढणी तिने डोक्याला घट्ट बांधली होती. हात म्हातारे झाले होते, पण कुठे जायचं ते त्यांना माहीत होतं. थोडं पाहिल्यावर मिस्त्रींच्या लक्षात आलं की वळतानासुद्धा ती उभी राहत नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन वळत होती, म्हणजे तळाला पाय लागू नये. चार फुटांच्या हौदात ती चाळीस हात पाण्यावर असल्यासारखी पोहत होती.

तिने काठ धरला तेव्हा तिला दम लागला होता. "हाय अजून," ती म्हणाली. मिस्त्री म्हणाले, दिसतंय.

पुढचे दोन दिवस असेच गेले. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. समुद्रावर ती एकदाच गेली, संध्याकाळी, पाय ओले करण्यापुरती, आणि पाणी खारट आहे म्हणून परत आली. मिस्त्रींनी रिकाम्या वेळात भिंतीचे सुटलेले पापुद्रे खरवडून देवश्रीला कुठपर्यंत गिलावा काढायचा त्याची खडूने रेघ मारून दिली. झाडावर कोणी चढलं नाही. फरदीनने फोन करून समुद्र कसा वाटला ते विचारलं. सबिहाने मोठा आहे म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता जागा सोडायची होती. साडेदहाला अंगणाच्या दारावर टकटक झाली. मिस्त्री उठले. दार न उघडताच त्यांनी विचारलं कोण, आणि पलीकडून देवश्री म्हणाली की गाडी आली आहे, सामान न्यायला पोरं पाठवू का?

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. सबिहा पलीकडच्या टोकाला पोचली होती, गुडघे घेऊन वळत होती.

"अर्धा तास थांबा," ते दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले. "बाई पाण्यात हाय."

"तास म्हना," मागून आवाज आला.